उरलेलं राज्य

तो शब्द माझ्या तोंडून गेला तेव्हा हातातल्या घड्याळात डावाची सहा मिनिटं आणि चाळीस सेकंद झाली होती. आकडा इतका नेमका आठवतो, कारण दचकून माझा अंगठा बटणावर पडला आणि घड्याळ तिथेच थांबलं. समोर बेकरीवाला वाकून उभा होता. त्याच्या हातातली फोमची नारिंगी नळी ताईच्या खुर्चीच्या उजव्या चाकाला टेकली होती, अगदी स्वच्छ, वादाला जागाच नव्हती, आणि मी, पंच म्हणून गळ्यात शिट्टी अडकवलेली त्रेचाळीस वर्षांची बाई, शिट्टी वाजवायची सोडून मोठ्यांदा म्हणाले, “ती नाही, ती लिंबूटिंबू आहे.”

सगळे हसले. शाळेच्या त्या जुन्या व्यायामाच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार ते पाच आम्ही शिवाशिवी खेळतो. एकूण चौदा भिडू, सात खुर्च्यांवर आणि सात पायांवर. एवढ्या उंच छताखाली चौदा जणांचं हसू वर जातं आणि परत खाली येतं. त्यांना वाटलं पंचांनी विनोद केला. पंच एरवी कधी करत नाहीत म्हणून थोडं जास्तच हसले. बेकरीवाला मात्र हसला नाही. त्याचा तो तिसराच शनिवार होता. चुकून दुसऱ्याच्या पिशवीत हात गेल्यावर घ्यावा तशी त्याने नळी मागे घेतली आणि म्हणाला, “माफ करा हं, मला माहीत नव्हतं.” मग चार पावलांवरच्या ग्रंथपाल बाईंना नळी लावून तो मोकळा झाला आणि खेळ पुढे गेला. ताईही हसली होती. ताई दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते. माणूस मनापासून हसला की दाढा दिसतात आणि फोटोसाठी हसला की समोरचे सहा, हे तिनेच मला शिकवलंय. मी मोजले. सहाच होते.

परतताना ती नेहमीसारखी हातांवर जोर देऊन गाडीत सरकली, मी खुर्चीची चाकं काढून मागे ठेवली. तिचे नवे हातमोजे, बोटं उघडी ठेवणारे, तिने एकावर एक ठेवून मांडीवर घेतले होते. पाच महिन्यांपूर्वी हा खेळ सुरू झाला तेव्हा तिने ते स्वतः जाऊन आणले होते. कवळ्यांच्या प्रयोगशाळेच्या लांब बोळात ती जेवणाच्या सुट्टीत गिरक्या घेण्याचा सराव करते, हे मला तिच्याकडून नाही, तिथल्या शिपायाकडून कळलं होतं. कामाशिवाय घराबाहेर पडायला तिला आवडत नाही. लग्नं, वाढदिवस, सगळीकडे ती आजारी असते. शनिवारी मात्र पावणेचारला तयार होऊन दारात बसलेली असायची. त्या दिवशी गाडीत ती एकदाच बोलली. म्हणाली, डावीकडून घे, पुढे रस्ता खोदलाय. मी डावीकडून घेतलं. माफी मागायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की कशाची मागायची हे सांगावं लागेल, म्हणजे तो शब्द पुन्हा उच्चारावा लागेल. मी आरसा नीट केला. तो नीटच होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो नखं कापत होता. एवढंच ना, म्हणाला, मला वाटलं काय झालं. खरं तर एवढंच होतं. मी वजनकाटे तपासते. औषधांच्या कारखान्यांतले, सोनारांचे, दवाखान्यांतले काटे आमच्याकडे येतात. मी त्यांच्यावर प्रमाणित वजनं ठेवते, चिमट्याने, कारण बोटाचा घामही वजनात धरला जातो. प्रत्येक काट्याला ठरलेली सूट असते, इतकी चूक चालेल, याहून जास्त नाही. सूट वाढवत नेली तर कुठलाही काटा पास होतो. मग त्याला तपासलं काय आणि न तपासलं काय. हे मी नव्या मुलींना दर वर्षी शिकवते, आणि याच डोक्याने मी शनिवारच्या खेळाचे नियम लिहिले होते. सर, म्हणजे हा खेळ सुरू करणारे निवृत्त क्रीडाशिक्षक, म्हणाले होते, तुम्ही मापाचं माणूस, तुम्हीच बघा. मग मी आलेल्या प्रत्येकाची पोहोच मोजली. बसून हात पुढे केला तर किती, उभ्याने वाकून किती. तक्ता केला. त्यावरून ठरलं की ज्याच्यावर राज्य असेल त्याच्या हातात पोहायला शिकताना धरतात तसली फोमची नळी द्यायची, एकशेदहा सेंटिमीटरवर कापलेली, म्हणजे बसलेल्याच्या आणि उभ्याच्या पोहोचीतला फरक खेळात फारसा उरत नाही. नळी खुर्चीला लागली तर ती माणसालाच लागली, कारण खुर्ची म्हणजे अंग. कुणाला सवलत नाही, कुणाला आधी सुटायचं नाही. सरांनी तो कागद भिंतीवर लावला. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करायला हवं. आणि पाच महिन्यांत ताईवर एकदाही राज्य आलं नव्हतं, हे त्या शनिवारपर्यंत मला दिसलं नव्हतं. मी दर डावाची नोंद ठेवते. रविवारी वही काढून बघितली. बाकी सगळ्यांवर आलं होतं, सरांवरसुद्धा. ताई चपळ आहे हे खरं; पण एवढी चपळ कुणीच नसतं. म्हणजे माझ्या तोंडून शब्द फक्त निघाला होता. पाळत सगळेच होते.

आमच्या लहानपणच्या इमारतीमागे सिमेंटचं अंगण होतं. ताई अडीच वर्षांची असताना तापात तिचे पाय गेले. तेव्हा मी नव्हते. मला आठवते ती खुर्चीवरचीच ताई. ती खुर्ची दवाखान्याने टाकून दिलेली, लोखंडी, पुढची चाकं एवढीशी, अंगणातल्या प्रत्येक सांध्यात अडकणारी. मी सात वर्षांची आणि ती दहाची असताना आईने नियम केला. ताईला घेत असतील तर तू खेळ, नाहीतर दोघी वर या. आई कामावरून थकून आलेली असायची आणि तिचं एक वाक्य म्हणजे एकच वाक्य असे. मला खेळायचं होतं. इतकं खेळायचं होतं की पोटात दुखायचं. दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, ताई पण आहे, पण ती लिंबूटिंबू. कुणी हरकत घेतली नाही. लिंबूटिंबूला घ्यायला कुणाचं काय जातं? त्याला शिवलं तरी तो बाद नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, तो आपला मध्ये असतो. एरवी लिंबूटिंबू म्हणजे कुणाचा तरी धाकटा भाऊ, चड्डी सावरत मागे मागे पळणारा. आमची लिंबूटिंबू अख्ख्या अंगणात वयाने मोठी होती. ती मधोमध बसायची आणि आम्ही तिच्याभोवती पळायचो, खांबाभोवती पळावं तसे. दोन वर्षांत ते धाकटे भाऊ वाढले आणि पक्के भिडू झाले. ताई होती तिथेच राहिली. वरून आई बघायची, तिला ताई खेळताना दिसायची, आणि ती आत जायची.

सोमवारी मी एक काटा दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. तिसऱ्यांदा तपासला तेव्हा कळलं, मी वजन पूर्ण खाली ठेवतच नव्हते, चिमट्याने जरासं तोलून धरत होते. टेबलापलीकडचा सहकारी म्हणाला, बाई, सोडा आता त्याला. मंगळवारी ताईचा फोन आला. आवाज नेहमीचा. या शनिवारी जमणार नाही म्हणाली, दोन पूर्ण कवळ्या आणि एक अर्धी सोमवारपर्यंत द्यायची आहे. पुढच्या शनिवारचंही काही सांगता येत नाही. मी म्हटलं, ताई, परवाचं ते. ती म्हणाली, परवाचं काय? “तोंडून गेलं गं,” मी म्हणाले.

“तोंडांचंच काम करते मी,” ताई म्हणाली. “तिथून आपोआप काही जात नसतं, बारके. आधी आत असावं लागतं.”

रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं; ताई रागावली की दात घशात घालीन म्हणते, आणि वर पुन्हा नवे करून देईन, नातेवाइकांना सवलत, असंही म्हणते. यातलं काही म्हणाली नाही. फोन ठेवल्यावर मी भाजी चिरायला घेतली आणि चिरलेली भाजी पुन्हा चिरली. प्रश्न खरं तर एवढाच होता, ती परत येईल की नाही. आली नाही तर काही कोसळणार नव्हतं. ती तिच्या कवळ्या करत राहील, मी रविवारी तिच्याकडे जाईन, आम्ही चहा पिऊ. फक्त शनिवारी पावणेचारला ती दारात बसलेली नसेल, आणि ते हातमोजे कपाटात खालच्या कप्प्यात जातील, आणि आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोलणार नाही. आम्हाला ते जमतं. याआधी एकदा आम्ही ते केलेलं आहे.

त्या अंगणात एक नियम होता. आया हाका मारू लागल्या की डाव असेल तिथे मोडायचा, पण ज्याच्यावर राज्य असेल त्याच्यावर ते तसंच राहायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत. त्याला आम्ही राज्य उरलं म्हणायचो. उरलेलं राज्य घेऊन घरी जायचं, जेवायचं, झोपायचं, शाळेत जाऊन यायचं, आणि पाच वाजता खाली उतरून कुणाला तरी देऊन टाकायचं. ते टाळायला कुणी दोन दिवस खाली आलंच नाही तरी सुटका नसायची. ते वाट बघत थांबायचं. माझ्यावर बऱ्याचदा उरायचं. एकदा सकाळी दात घासताना ताईने विचारलं, “कसं वाटतं गं, राज्य उरलं की?” तोंडात फेस होता. मी थुंकून विचार केला. खोटं सांगावंसं वाटलं नाही. “खाजतं,” मी म्हणाले. “कुठे ते कळत नाही, पण खाजतं.” ती आरशात माझ्याकडे बघत राहिली. त्याच संध्याकाळी अंगणात तिने सगळ्यांसमोर सांगितलं, आज माझ्यावर राज्य द्या. ती अकरा वर्षांची होती. मुलं माझ्याकडे बघू लागली, जणू ती माझी वस्तू होती आणि मीच परवानगी द्यायची होती. मी म्हणाले, चालेल.

तेव्हा नळी नव्हती. हाताने शिवायचं. ती लोखंडी चाकं ढकलत सांध्यासांध्यावर अडकत फिरू लागली आणि मुलं तिच्यापासून दोन हातांवर उभी राहून, ती जवळ आली की सावकाश बाजूला होऊ लागली. कुणी चिडवत नव्हतं. तेच वाईट होतं, सगळी मुलं एकदम शहाण्यासारखी वागत होती. तिची मान घामाने भिजली. एक वेणी सुटली. सात मिनिटं झाली असतील, मला ती फार लांब वाटली. खेळ बुडत होता आणि तो बुडाला की दोघींना वर जावं लागणार होतं. किंवा मला तिची मान बघवत नव्हती. यातलं नक्की कोणतं, ते मी पस्तीस वर्षांत ठरवू शकलेले नाही. ती माझ्या दिशेने आली आणि मी थांबले. पळाल्यासारखं केलं आणि थांबले. तिचा हात माझ्या पाठीला लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाली, “तू थांबलीस.” मी म्हणाले, नाही, पाय मुरगळला. आणि खाली बसून घोटा धरला.

एकदा पाय मुरगळला म्हटल्यावर तो मुरगळलेला असावा लागतो. मी दोन दिवस लंगडले. आईने मलम चोळलं, फडकं बांधलं. माझ्या आईच्या दोन मुली, एक चालू न शकणारी आणि एक आई बघत असताना लंगडणारी. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी जिन्यातून खाली उतरत होते, कठड्याला धरून, तोंड वाकडं करत. ताई खाली वाट बघत होती. मी शेवटच्या पायरीवर आले तेव्हा ती हळूच म्हणाली, “बारके, काल उजवा होता.” मी खाली बघितलं. फडकं उजव्या घोट्याला होतं आणि मी डाव्याने लंगडत होते. दोघींनाही हसू आलं असतं, येण्यासारखंच होतं. आलं नाही. त्यानंतर तिने कधी राज्य मागितलं नाही. आईला तिने काही सांगितलं नाही. मोठी झाल्यावर मी गती आणि वेग शिकले, चुकांचं गणित शिकले, आणि तरी रस्त्याने चालताना मी कुणाच्याही जरा मागे आणि उजवीकडे चालते, खुर्चीशेजारी चालणारा माणूस चालतो तिथे, आणि नवरा मधूनमधून वळून म्हणतो, अगं ये की. माझा स्वतःचा वेग किती आहे हे मी कधी मोजलेलं नाही.

गुरुवारी पाव आणायला गेले. बेकरीवाल्याच्या दुकानात सहसा त्याची बहीण बसते. त्या दिवशी तो होता, कोपरापर्यंत पिठाचे हात, मोठा देह, बोलताना खाली बघणारा. मला बघून त्याने पाव कागदात गुंडाळत आवाज खाली आणला. म्हणाला, शनिवारचं मनाला लागून राहिलं होतं हो. त्या ताईंना लावायचं नाही हे कुणी आधी सांगितलंच नाही. भिंतीवरच्या कागदावरही नाही. मी म्हणाले, नाही हो, तसं काही नाहीये. तो समजून मान हलवू लागला. कळलं, म्हणाला, लिहिता येत नाही असं, ते बोलायचंही नसतं. काळजी करू नका, या शनिवारी खेळायला त्या दोन नव्या मुली येणार आहेत ना, त्यांनाही मी सांगून ठेवलंय. माझ्या मागे रांग होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सुट्या नाण्यांचा आवाज केला. तो चांगला माणूस होता, मला वरून दोन बिस्किटंही दिली, आणि मी पाव घेऊन बाहेर आले. बाहेर आल्यावर कळलं की नियम झालाय. मी सात वर्षांची असताना केलेला नियम त्या पिठाच्या हातांनी दोन अनोळखी मुलींपर्यंत पोचलाय, आणि तो कुठल्याच कागदावर नसल्याने खोडायची सोय नाही. पाव गरम होता. घरी पोचेपर्यंत मी त्याचा एक कोपरा कुरतडून संपवला होता आणि चव आठवत नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी सरांच्या घरी शिट्टी आणि घड्याळ परत नेऊन दिलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, खेळायचंय. ते म्हणाले, अहो, मग पाच महिने कशाला थांबलात? जिन्यात उभं राहून ताईला निरोप लिहिला. शिट्टी परत दिली, उद्या मी खेळायला उभी राहणार आहे. पुढे आणखी एक वाक्य लिहिलं, ते खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. निरोप पोचल्याची खूण आली. वाचल्याचीही आली. उत्तर आलं नाही, संध्याकाळी नाही आणि शनिवारी सकाळीही नाही.

शनिवारी मी एकटी गेले. गाडीत बाजूची जागा रिकामी असली की पट्ट्याचं बक्कल दाराला आपटत राहतं, हे पहिल्यांदा कळलं. हॉलच्या उतारावर ओल्या चाकांच्या दोन रेघा होत्या, पण खुर्च्या सात आहेत, त्या कुणाच्याही असू शकतात. ताई आत होती. मालवाहू टेम्पो करून आली होती, ड्रायव्हरने फळी लावून खुर्ची वर चढवली म्हणे. हातमोजे घातलेले होते. मी विचारलं, कवळ्या झाल्या? “दात कुठे पळून जात नाहीत,” ती म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली. मी रेषेच्या आत उभी राहिले. आत उभं राहिलं की हॉल वेगळा दिसतो. बाहेरून जी ठरावीक मापाची जागा वाटत होती ती एकदम मोठी आणि उघडी वाटू लागली, आणि हातांचं काय करायचं ते कळेना.

पहिलं राज्य एका नव्या मुलीवर, मग ग्रंथपाल बाईंवर, मग बेकरीवाल्यावर. त्याच्या हातात नळी गेली आणि ताई त्याच्या समोर जाऊन थांबली. त्याने तिला वळसा घातला. ती पुन्हा आडवी आली. तो डावीकडे गेला, तीही गेली. बाकीचे पळायचे हळू झाले. नव्या दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. ताई म्हणाली, “काय हो, पीठ मळतानाही असाच हात आखडता घेता का?” त्याने माझ्याकडे बघितलं. त्या अंगणातली मुलं बघत होती तसंच, परवानगीसाठी. मला आता शिट्टी हवी होती; शिट्टी वाजवली की आपल्याला बोलावं लागत नाही.

“तसा नियम नाहीये,” मी म्हणाले. आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. “कधीच नव्हता. मी लहानपणी केला होता, तो चुकीचा होता. लावा.”

कुणी हसलं नाही. बेकरीवाल्याने खाली बघितलं, मग नळी पुढे केली आणि ताईच्या पायटेकूला लावली, इतक्या हळू की पाव भाजला का बघतोय असं वाटावं. सरांनी शिट्टी वाजवली. ताईने हात पुढे केला, नळी घेतली, आडवी मांडीवर ठेवली, आणि खुर्ची जागच्या जागी वळवून माझ्याकडे तोंड केलं.

त्या बोळातला सराव मी कधी पाहिला नव्हता. गुळगुळीत लाकडी जमिनीवर, सांधे नसलेल्या, ती येते ते चाकांचा आवाज ऐकू यायच्या आधीच येते. मी पळाले. पहिली पाच-सहा पावलं पळाले आणि मग माझे गुडघे आपोआप मऊ पडू लागले, कुणी न सांगता, एखादं जुनं यंत्र ठरलेल्या जागी येऊन मंदावतं तसे. पाठीचा तो एक तळहाताएवढा भाग, जिथे तिचा हात लागला होता, गरम झाला आणि वाट बघू लागला. माझं शरीर थांबणार होतं. मला ते स्वच्छ कळत होतं आणि तरी ते थांबणार होतं. मागून ताईचा आवाज आला, धापा टाकत, अगदी जवळून. “बारके, उजवा पाय सांभाळ.”

मी पळाले. त्यानंतर कसं पळाले ते मला सांगता येणार नाही, मोजायला माझ्याकडे घड्याळ नव्हतं. भिंत आली, वळले. कोपरा आला, तिच्या नळीखालून वाकून निसटले. कानात रक्ताचा आवाज, घशात लोखंडाची चव, एक चप्पल कधीच मागे राहिली होती. ती बेकरीवाल्याच्या हाताच्या अंतरावरून गेली आणि त्याला तिने नळी लावली नाही. ग्रंथपाल बाई तर समोर उभ्याच होत्या. त्यांना वळसा घातला. तिला मीच हवी होते. दोनदा नळीचं टोक माझ्या ओढणीच्या वाऱ्याइतकं जवळ आलं आणि दोन्ही वेळा मी जीव खाऊन सुटले, आणि दुसऱ्या वेळी मागून जो आवाज आला तो शिवी होती, आईसमोर कधी दिली नसती अशी, आणि शिवीच्या शेवटी हसू होतं. मी वळून बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं. दाढा दिसत होत्या, वरच्या आणि खालच्या, डावीकडची सोन्याची टोपीसुद्धा.

पाचला शिट्टी झाली. दारात बॅडमिंटनवाले रॅकेटी घेऊन उभे होते. मी भिंतीला टेकून खाली बसले. सर नळी परत घ्यायला ताईकडे गेले आणि म्हणाले, छान, पुढच्या शनिवारी पुन्हा नव्याने सुरू करू. “नव्याने कसं?” ताई म्हणाली. “राज्य उरलंय माझ्यावर.” सरांना कळलं नाही. तिने नळी दिली नाही. ग्रंथपाल बाई मात्र मान हलवून म्हणाल्या, बरोबर आहे त्यांचं, आमच्याकडेही असंच असायचं.

मागे खुर्ची आणि चाकं, त्यामुळे गाडीत नळी मावेना. तिचं एक टोक खिडकीतून बाहेर काढावं लागलं आणि सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचा माणूस तिच्याकडे बघत राहिला. हातमोजे ताईने काढले नव्हते. बोटं मांडीवर हलत होती, एकामागून एक, पियानो वाजवल्यासारखी, पण तिला पियानो येत नाही. तिच्या घराशी मी खुर्ची जोडून दिली. ती नळी आडवी मांडीवर घेऊन दाराकडे गेली आणि दारात अडकली. नळी एकशेदहा सेंटिमीटर, दार नव्वद. ती मागे सरकून पुन्हा पुढे गेली, पुन्हा अडकली. माझा हात पुढे झाला, नळी धरून उभी करायला.

“लांब हो,” ताई म्हणाली. वळलीसुद्धा नाही. “तू आपणहून लावून घेतलेलं मी धरत नाही.”

मी दोन पावलं मागे झाले आणि दोन्ही हात पाठीशी घेतले. तिने नळी उभी केली, भाल्यासारखी काखेत धरली, आणि एका हाताने चाक फिरवत आत गेली. दार लोटताना तिने मान बाहेर काढली. कपाळावर केस चिकटले होते. ती मनगटाने मान खाजवत होती, मग खांदा, मग पुन्हा मान.

“आत्तापासूनच खाजतंय गं,” ती म्हणाली. “शनिवारला सहा दिवस आहेत अजून.”

“सात,” मी म्हणाले.

“सात,” ताई म्हणाली, आणि दार लावलं.